आधी काप्पी, मग कप्पी

"'ओढा' म्हणजे काय?" रावांनी मला विचारलं.

मी त्यांच्याकडे खोली भाड्याने बघायला गेले होते. बियाण्यांच्या कंपनीच्या नोकरीने मला कराडहून उचलून तंजावुरात आणून टाकलं होतं, आणि राजवाड्यामागच्या गल्ल्यांत मराठी बोलणारी घरं आहेत हे कळल्यावर मी हुरळून गेले होते. पाणी किती वाजता येतं, पाहुणे चालतील का, असे प्रश्न मी मनात जुळवून ठेवले होते. या प्रश्नाची तयारी नव्हती.

"लहान नदी," मी म्हटलं. "आमच्या गावाबाहेर आहे एक."

त्यांचा चेहरा पडला. "मग 'सोडा'?"

"खायचा की धुण्याचा?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने, ही शेवटचीच आशा अशा आवाजात म्हणाले, "आणि 'उगे'?"

आमच्याकडे रडणाऱ्या पोराला मांडीवर घेऊन 'उगी उगी' म्हणतात, तसलंच काही असेल, असं मी सांगितलं. त्यावर त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली आणि "शिकवायास येईल" असं स्वतःशी पुटपुटत आत गेले. खोली मिळाली. का मिळाली ते काही कळलं नाही.

त्या घरात मी दीड-दोन वर्षं काढली आणि बहुतेक वेळ अशीच काढली, म्हणजे काही तरी मिळतंय पण कळत नाही अशा अवस्थेत. रावांचं मराठी ऐकताना वाटे, एखादा माणूस पोथीतून उठून बाजारात आलाय आणि वाटेत तमिळ शिकलाय. ते 'मला' म्हणत नसत, 'मज' म्हणत. 'कुठे' म्हणत नसत, 'कोठे' म्हणत. आणि मधेच असा तमिळ शब्द टाकत की मी तोंड उघडं टाकून बघत राही. त्यांनाही माझं मराठी विचित्रच वाटे. मी एकदा "मस्त" म्हटलं तर त्यांनी काळजीने विचारलं, "कोण मातलं?"

गल्लीत सगळेच राव. नुसती "राव" अशी हाक मारली तर चार खिडक्या उघडत. म्हणून यांना लोक 'जीप राव' म्हणत. उंच, काटकुळे, लुंगीसारखी दुमडून नेसलेली पांढरी वेष्टी, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि कमरेला लटकवलेले चामडी हातमोजे. तंजावुरच्या उन्हात हातमोजे घालून फिरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. सगळी नोकरी त्यांनी विम्याच्या कचेरीत खुर्चीवर बसून केली होती. मग जीप हाकणं आणि रुतलेल्या गाड्या तारेने ओढून काढणं कुठून आलं म्हणून विचारलं, तर एकदा म्हणाले, "एका मिलिटरीवाल्याने शिकविलं." दुसऱ्यांदा म्हणाले, "पुस्तकात देखिलं." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "घरीच शिकलों," आणि विषय बदलला. त्यातलं खरं कोणतं, हे मला फार उशिरा समजलं.

ती जीप त्यांच्या सिमेंटच्या अंगणात अशी उभी असे की घरात जाणाऱ्याने पोट आत घेऊन जावं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला तिच्या शेजारी उभं केलं आणि मामला सांगितला.

"पाहा पोरी, ओरत्तनाडुच्या पलीकडे आमचं थोडं शेत आहे. तिथे जायाची वाट म्हणजे कालव्याचा बांध. पाऊस पडला की तिथे कोणाची ना कोणाची गाडी रुतते. मी आणि ही, आम्ही दोघं ती काढूं. आपली रुतली तरी आपणच काढूं. आता ही गेली." 'ही' म्हणजे त्यांची बायको. गल्ली तिला बाईअम्मा म्हणे. ती जाऊन वर्ष व्हायचं होतं. "माझी लेक मद्रासेस असते. ती म्हणाली, अप्पा, एकट्याने तार ओढायची नाही. सोबत कोणी मिळालं तर ठीक, नाही तर जीप विकायची. पापनाशमचा एक जण घ्यायास टपून बसला आहे. लेक पोंगलास येईल, स्वतः पाहील, आणि ठरवील. तोवर तूं तयार व्हायचंस."

"कशाला?"

"ओढायास."

मी बियाण्यांच्या कंपनीत होते, हमालीत नव्हते, हे त्यांना सांगायचं माझ्या ओठावर आलं होतं. पण ते जीपच्या बॉनेटवर हात ठेवून उभे होते. गाय विकायची वेळ आलेला माणूस तिच्या पाठीवर ठेवतो तसा तो हात होता.

पहिला धडा अंगणातच झाला. जीप कुठे अडकलेली नव्हती, निमूट उभी होती. समोर कडुनिंब. रावांनी त्याच्या बुंध्याला अगदी जमिनीलगत एक रुंद पट्टा गुंडाळला. तार थेट झाडाला बांधली की झाडाची साल जाते आणि तारही कमजोर होते, असं त्यांचं म्हणणं. पट्ट्याला हाताचा विंच अडकवला. ती एक लोखंडी पेटी होती, तिला लांब दांडा. दांडा पुढे-मागे केला की पेटीतून पोलादी तार बोट बोट सरकते आणि पलीकडची गाडी मुकाट्याने जवळ येते. हे सगळं जोडून झाल्यावर ते म्हणाले, "आता कप्पी आण."

मी स्वयंपाकघरात गेले. एवढं तमिळ मला येऊ लागलं होतं की काप्पी म्हणजे कॉफी. म्हाताऱ्याला तहान लागली असेल, म्हणून मी फिल्टरची चांगली दाट कॉफी केली, पितळी पेल्यात ओतली आणि फेस आणून बाहेर नेली. राव जीपपाशी हात पुढे करून उभे होते. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"हे काय?"

"काप्पी."

"मी कप्पी म्हटलं. चाकाची. तार घालायाची." त्यांनी बोटाने जीपच्या मागच्या फळीकडे दाखवलं. तिथे विहिरीवरच्या रहाटाला असते तसली, पण जाडजूड लोखंडी कप्पी पडली होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेला परत नेते म्हटलं तर त्यांनी तो धरून ठेवला. जीपच्या पायरीवर बसले, एक घोट घेतला, आणि एकदम हसायला लागले. हसता हसता चष्मा काढून पुसला. "हीसुद्धा असंच म्हणे," ते म्हणाले. "आधी काप्पी, मग कप्पी."

तो बाईअम्माचा नियम होता. गाडी रुतली की पहिलं काम म्हणजे काही न करणं. फ्लास्कमधली कॉफी ओतून घ्यायची, बाजूला बसायचं आणि नुसतं पाहायचं. कोणतं चाक किती खाली गेलंय, गाडीचं पोट चिखलाला टेकलंय का, ओढायची दिशा सरळ मिळते का, झाड जिवंत आणि घट्ट आहे का, माणसं कुठे उभी आहेत. "रुतल्यावर माणूस घाबरतो," राव म्हणाले, "इंजिन रेटतो, चाक गरगर फिरवितो आणि आणखी खाली जातो. हातात काप्पी असली की पाय उगे राहतात."

मग कप्पीचं काम सांगितलं. ती गाडीच्या आकड्याला लावायची, तार तिच्यातून फिरवून परत झाडाकडे न्यायची. तार दुप्पट लागते, गाडी निम्म्या वेगाने येते, पण हाताला निम्मंच ओझं लागतं. "घाई नसेल तर कोणीही हत्ती ओढील," ते म्हणाले.

त्यांच्या घाई नसण्याचा मला पुढे चांगलाच अनुभव आला. दर आठवड्याला ते सगळी तार अंगणात पसरत आणि हातमोजा घालून एका फडक्याने इकडून तिकडे पुसत. फडकं कुठे अडकलं तर तिथे एखादा तंतू तुटलाय असं समजायचं. विंचच्या दांड्यात एक मऊ धातूची पिन असते. ओझं फार झालं तर तार तुटायच्या आधी ती पिन तुटते. एकदा मी ती हरवली आणि तिच्या जागी खिळा ठोकू का म्हणून विचारलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी दिवसभर त्यांच्यासमोर गेले नाही.

आणि दोरी. ताणलेली असो, सैल असो, राव कुठल्याही दोरीवरून पाय टाकत नसत. वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी खाली पडली तरी वळसा घालत. बागेतल्या पाण्याच्या नळीलाही वळसा. मोठ्या देवळात गर्दी आवरायला दोर लावले होते, सगळं गाव ते ओलांडून जात होतं, आणि हे भर उन्हात तापलेल्या दगडावर अनवाणी अख्खी फेरी मारून पलीकडे गेले. मी वैतागले. ते म्हणाले, "दोरी निजली म्हणून मेली नव्हे."

पण माझा सगळ्यात मोठा गोंधळ वेगळाच होता. एरवी राव मला 'तूं' म्हणत. पोरी, जेवलीस का. पोरी, दार लाव. मी त्यांच्या लेकीहून लहान, त्यात गैर काहीच नव्हतं. पण मी विंचच्या दांड्याला हात लावला की ते बारा हात लांब जाऊन उभे राहत, उन्हं असोत नसोत एक काळी छत्री उघडून डोक्यावर धरत, आणि तिथून ओरडत, "ओढा!"

पहिल्यांदा मी मागे वळून पाहिलं. दुसरं कोण आलंय, कुणाला 'अहो' म्हणतायत? मागे कडुनिंब.

"ओढा!" मग "सोडा!" म्हणजे ढील द्या. मग "उगे!"

'उगे' ऐकून मी म्हटलं, "मी रडत नाहीये," आणि दांडा हलवत राहिले. तेव्हा ते चिडले. मला आठवतं तसं ते तेवढं एकदाच. छत्री मिटून तरातरा आले आणि म्हणाले, "उगे म्हणजे उगे. हात जिथे आहे तिथे. पाय जिथे आहे तिथे. मागचं विचारायचं नाही."

"मग सरळ 'थांबा' म्हणा ना."

"थांबा कोणीही म्हणतं. बसमध्ये म्हणतात, बाजारात म्हणतात. तारेपाशी असा शब्द पाहिजे, जो दुसरं कोणी म्हणत नाही."

छत्रीचं विचारलं तर म्हणाले, "छत्री पाहिजे." का पाहिजे, ते त्यांनाही सांगता येईना. ती धरायची त्यांना सवयही दिसत नव्हती, सारखी कलंडे. आणि गंमत म्हणजे, "ओढा" म्हटलं की त्यांचा उजवा हात आपोआप पुढे-मागे व्हायला लागे, आणि छत्रीही पुढे-मागे व्हायला लागे. मी हसू दाबत दांडा ओढी.

हे हुकूम मराठीतच का, हे मात्र मला दिवाळीच्या सुमारास कळलं. तिकडचा पाऊस दिवाळीत येतो, माझ्या डोक्यात तेही कधी नीट बसलं नाही. आमच्या कंपनीचा टेम्पो बांधाखाली घसरला होता. आम्ही पोचेपर्यंत सगळं शिवार जमलं होतं. बदकांचा कळप घेऊन निघालेले दोघं, लावणीच्या बाया, सायकलवाले. सगळे मदतीला टपलेले. तार ताणायला लागल्याबरोबर पाच-सहा जण कंबर कसून ती धरायलाच पुढे आले. मी घाबरले. ताणलेली तार सुटली तर ती माणूस बघत नाही.

रावांनी छत्री उघडली आणि खच्चून ओरडले, "ओढा!"

सगळी माणसं पळाली. तार टाकून, चपला टाकून, पार शेताच्या पलीकडे. त्यांच्यामागून बदकं. मी एकटी दांड्यापाशी उरले. मला वाटलं साप निघाला. मीही पळायच्या बेतात होते, तोच पुन्हा "ओढा!" आलं आणि धड्याप्रमाणे माझे हात चालू झाले.

टेम्पो वर आल्यावर त्यांनी उलगडा केला. तमिळमध्ये 'ओडु' म्हणजे पळ. 'डा' म्हणजे रे. 'ओढा' ऐकलं की तिथल्या माणसाला ऐकू येतं, पळ रे. ज्याने ओढायचं त्याला 'ओढा' कळतं, ज्याने लांब जायचं त्याला 'पळा' कळतं. एका शब्दात दोन्ही कामं.

"तमिळमध्ये ओढायास सांगितलं तर सगळेच ओढतील," राव म्हणाले. "माणसं फार चांगली आहेत पोरी. तीच तर भीती."

ही युक्ती कुणाची, असं मी विचारलं. ते चाकाखालचा चिखल काढायला वाकले, म्हणून उत्तर राहून गेलं.

पोंगलला लेक आली. मद्रासला बँकेत मोठ्या जागेवर, चटपटीत, बोलणं बहुतेक तमिळ. मराठी सगळं समजायचं पण बोलताना अडखळायची. मी तिला अक्का म्हणायला लागले. वडिलांवर तिचा फार जीव होता, म्हणूनच ती जीपच्या जिवावर उठली होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "अम्मा गेल्यावर अप्पास झोप नाही. एकदा एकटेच बांधावर गेले, चिखलात पडले. कोणास कळलं सुद्धा नाही. मद्रासमध्ये फोन वाजला की मी आधी देवाचं नाव घेतें, मग उचलतें. तुम्ही आहांत, पण तुम्ही किती दिवस? आज मी पाहतें. नीट झालं तर राहू दे. नाही तर पापनाशमचा माणूस उद्या येतो आहे."

तिघंही शेतावर निघालो. अप्पांची नजर आता बरी नाही म्हणून जीप अक्काने चालवायला घेतली, आणि ओरत्तनाडु सोडून बांधाला लागल्यावर तिने ती व्यवस्थित शेतात घातली. डावीकडचं पुढचं चाक आसापर्यंत खाली गेलं. अक्काने घाबरून इंजिन रेटलं, चिखल आमच्या तोंडावर उडाला आणि चाक आणखी खाली गेलं. परीक्षा घ्यायला आलेली बाईच पहिल्या प्रश्नाला नापास झाली होती.

राव शांतपणे उतरले. फ्लास्क काढला. आम्ही तिघांनी बांधावर बसून कॉफी प्यायली. अक्का तेवढ्यात एकदा हळूच म्हणाली, "आधी काप्पी," आणि पुढचं म्हणाली नाही.

मग काम सुरू झालं. चाकापुढचा चिखल मम्मटीने, म्हणजे तिकडच्या फावड्याने, काढला. खाली नारळाच्या झावळ्या घातल्या. मागे बांधावर एक नारळ होता, त्याला पट्टा, पट्ट्याला विंच. जीपच्या मागच्या आकड्याला कप्पी. तारेवर बाईअम्माचा जुना जमखाना कालव्यात बुडवून जड करून टाकला. तार तुटलीच तर ती उसळू नये, तिथल्या तिथे पडावी, म्हणून हे ओझं. अक्का स्टिअरिंगवर, मी दांड्यावर, राव छत्री घेऊन लांब. नेहमीप्रमाणे माणसं जमली, "ओढा" झालं, माणसं पळाली.

आणि मग सगळं बिघडायला लागलं. लेक बघतेय म्हणून असेल, रावांचे शब्द उलटसुलट व्हायला लागले. ढील द्यायच्या वेळी "ओढा" म्हणाले. मी हात मागे घेतला तर "नको, सोडा, नव्हे, ओढा." छत्री खाली आली. एक एक पाऊल करत ते माझ्याकडे सरकत होते, आणि अखेर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांचा हात माझ्या हाताशेजारी दांड्यावर आला. त्यांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा भीती पाहिली. माझ्याहूनही जास्त गोंधळलेला माणूस तिथे उभा होता.

अक्का इंजिन बंद करून खाली उतरली. मला वाटलं, झालं, जीप गेली.

"अप्पा," ती म्हणाली, "तुम्ही छत्रीखाली कां उभे राहिलांत? तुम्ही तिथून कधी देखिलं आहे का?"

रावांनी छत्री मिटून खाली ठेवली.

"तिथे अम्मा उभी असे," अक्काने मला सांगितलं. "छत्री घेऊन. ओढा, सोडा, उगे, सगळं अम्मा म्हणे. अप्पा नुसते दांड्यावर. अप्पांनी आयुष्यात एकदासुद्धा हुकूम दिला नाही."

कसं सांगावं, त्या क्षणी माझ्या डोक्यातल्या सगळ्या गाठी एकदम सुटल्या. 'घरीच शिकलों' म्हणजे कुणाकडून. तो उजवा हात का हलायचा. ती छत्री का कलंडायची. आणि मला, एरवी 'तूं' असणाऱ्या पोरीला, दांड्यापाशी 'ओढा' आणि 'उगे' का. ते मला कधी 'अहो' म्हणतच नव्हते. बायको नवऱ्याला जसं म्हणेल तसंच ते म्हणत होते, एक मात्रा न बदलता. तिचेच शब्द, तिच्या जागेवर उभं राहून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते चिखलाच्या हाताने पुसलं.

मी छत्री उचलली. "काका," मी म्हटलं, "तुम्ही दांड्यावर या."

राव दांड्यावर गेले तसे एकदम सरळ झाले. पाठ नारळाकडे, तोंड जीपकडे, पाय रोवलेले. मी लांब, तारेच्या लांबीच्या बाहेर गेले, छत्री डोक्यावर धरली. ती कशासाठी हेही मला तिथेच कळलं. चिखलात, माणसांच्या गर्दीत, दांड्यावरच्या माणसाने मान वर केली की हुकूम देणारं कुठे आहे ते पटकन दिसावं.

"ओढा," मी म्हटलं. त्यांचे हात चालायला लागले. काय चाल होती ती! मी महिनोन्‌महिने धक्के देत होते. त्यांचा दांडा झोपाळ्यासारखा जात-येत होता. जीपचं चाक हललं. थोडं वर आलं. जमलेली माणसं लांबून "इळुंग सार, इळुंग," म्हणजे ओढा सार, असं म्हणत टाळ्या वाजवत होती.

तेवढ्यात मला दिसलं की नारळाच्या मागची जमीन तडकतेय. आधी केसाएवढी भेग, मग बोटाएवढी. ओल्या बांधातलं झाड मुळासकट पुढे झुकत होतं. रावांची पाठ तिकडे होती. त्यांना दिसणं शक्य नव्हतं.

"थांबा!" मी ओरडले. "काका, थांबा, थांबा!"

त्यांचे हात चालूच. अक्काने पाहिलं, तीही ओरडली, "अप्पा, निल्लुंग!" माणसांना दिसलं, ती ओरडायला लागली. मराठीत थांबा, तमिळमध्ये थांबा, कुणी इंग्रजीत स्टॉप. सगळं शिवार एकच गोष्ट सांगत होतं आणि त्या सगळ्या गलक्यात राव शांतपणे, समाधानाने, दांडा ओढत होते. झाड त्यांच्या मागून झुकत होतं.

मग मला आठवलं.

"उगे!"

हात तिथल्या तिथे थांबला. अर्ध्यावर. पाय हलला नाही, मान वळली नाही. एवढा गलका चालू असताना तो एक शब्द त्यांच्यापर्यंत गेला आणि ते दगडासारखे उभे राहिले. त्यांनी "काय झालं" असं विचारलंसुद्धा नाही. मागचं विचारायचं नसतं.

"सोडा," मी म्हटलं. "हळू सोडा." दांडा उलटा चालला, तार सैल झाली, नारळ कण्हत मागे बसला. मग मी त्यांना बोलावलं आणि भेग दाखवली. त्यांनी वाकून ती पाहिली, बोट घालून पाहिलं, आणि म्हणाले, "काप्पी उरली आहे का?"

उरलेली कॉफी पिऊन झाल्यावर आम्ही पलीकडच्या चिंचेला पट्टा लावला आणि जीप बाहेर काढली. परत येताना जीप राव चालवत होते. अक्काने हरकत घेतली नाही.

संध्याकाळी तिने पापनाशमच्या माणसाला फोन लावला. मी कान देऊन ऐकत होते. बराच वेळ तोच बोलत होता. शेवटी ती म्हणाली, "इल्लै," आणि फोन ठेवला. तेवढं तमिळ मला येत होतं. नाही म्हणजे नाही.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. अक्का मग दर महिन्याला येऊन छत्री धरायला लागली. मधल्या दिवसांत ती मला मद्रासहून फोन करून शब्द घोटी. तिचा 'ढ' काही केल्या जमत नव्हता, ती 'ओडा'च म्हणे. मी म्हटलं असू द्या, पळणाऱ्यांना सोयीचं.

निघताना राव मला सोडायला स्टेशनवर आले होते. फलाटावर कुणाच्या तरी गाठोड्याची दोरी आडवी पडली होती, तिला वळसा घालून आले. हातात फ्लास्क. गाडी लागेपर्यंत आम्ही कॉफी प्यायलो. मला खूप काही बोलायचं होतं आणि त्यांच्या मराठीत बोलावं की माझ्या, हे ठरेना. गाडी आली, मी चढले, दारात उभी राहिले आणि मला एकदम रडू फुटलं. आवरेचना. गाडी हलायला लागली होती आणि मी वेड्यासारखी खाली उतरायला पाऊल टाकलं.

"उगी!" राव म्हणाले.

'उगे' नव्हे. उगी. माझ्यासाठी बदलून घेतलेला, माझा शब्द. तो हुकूम होता की समजूत, त्यांच्या मराठीतला होता की माझ्या, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. माझा पाय मात्र होता तिथेच राहिला.